वंशावळ लेकी-सुनांसकट: घराण्याचा माग काढण्याची आणि थोरांच्या आठवणी टिपण्याची पद्धत

बहुतेक घरांत ‘आमची वंशावळ’ म्हणून जो कागद निघतो, तो जमिनीच्या वाटणीसाठी नाहीतर जात पडताळणीसाठी कधीतरी घाईघाईने केलेला असतो. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. तलाठ्याला किंवा समितीला तेवढंच हवं असतं, म्हणून त्यात तेवढंच असतं. आज्या नसतात, पणज्या नसतात, लग्न होऊन गेलेल्या आत्या तर नसतातच. घराण्याची खरी माहिती मात्र त्यांच्याचकडे असते. कोण कुठून आलं, कुणाचं दुसरेपणाचं लग्न होतं, कुठलं मूल देवीच्या साथीत गेलं, दोन चुलत घरं एकमेकांकडे कार्याला का जात नाहीत, हे बायकांना माहीत असतं. पुरुषांना बांध आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. अपवाद असतात, मान्य.

म्हणून इथे सांगितलेला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी घरातली कपाटं, मग म्हाताऱ्या माणसांशी बोलणं, त्यातही बायकांशी आधी, आणि सरकारी दफ्तर त्यानंतर. दफ्तर पाच वर्षांनीही मिळेल. नव्वदीच्या आत्याबाबत तसं म्हणता येत नाही.

पायरी १: घरातलेच कागद बाहेर काढा

पहिली चौकशी ही करा: आपल्या भावकीत जात वैधता प्रमाणपत्र कुणी काढलंय? इंजिनिअरिंगला गेलेला एखादा चुलतभाऊ किंवा निवडणुकीला उभा राहिलेला काका सापडतोच. त्याच्या फाईलमध्ये आजोबा-पणजोबांच्या शाळेचे उतारे, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शपथपत्रावरची वंशावळ असं आयतं घबाड असतं. या पडताळणीसाठी ठरावीक तारखेआधीचे पुरावे लागतात: इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०. त्यामुळे त्या फाईलमधले कागद जुनेच असतात. झेरॉक्स मागून घ्या. लोक सहसा नाही म्हणत नाहीत.

मग लग्नपत्रिका. जुन्या पत्रिकेत वधूच्या आजोबांचं नाव, गाव, निमंत्रकांची लांबलचक यादी, ‘आमच्या घरचं कार्य’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांची नावं असं सगळं छापलेलं असतं, आणि तारीखही पक्की असते. कुणाचं नाव यादीत आहे आणि कुणाचं गाळलंय, यावरून त्या वर्षीची भांडणंही कळतात. जन्मपत्रिका असतील तर सोन्याहून पिवळं. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मास्तरांनी अंदाजे ठोकलेली असू शकते, पत्रिकेतली तिथी आणि वेळ सहसा खरी असते.

ज्या घरांत श्राद्ध-पक्ष होतो, तिथे तर्पणाच्या नावांची वही किंवा निदान एक चिठ्ठी असते. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात, तशीच आईच्या माहेरचीही. महालयात तर काका, मामा, आत्या, मावश्या असे सगळेच येतात. बायकांची नावं कागदावर सापडण्याच्या थोड्या जागांपैकी ही एक. याशिवाय जुनं रेशन कार्ड, विम्याची पॉलिसी, पेन्शनचे कागद, गिरणीतला पास, चाळीच्या भाडेपावत्या, भांड्यांवर घातलेली नावं, असं जे निघेल त्याचा फोटो काढून ठेवा. मूळ कागद ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहू द्या. ‘वाचून परत देतो’ म्हणून नेलेल्या कागदांवरून नाती बिघडलेली पाहिली आहेत.

नोंद कशी ठेवायची? प्रत्येक माणसाला एक वेगळं पान आणि एक क्रमांक. आमच्याकडे दोन-तीन पिढ्या गेल्या की आजोबाचं नाव नातवाला येतं, त्यामुळे ‘गणपत’ एवढ्यावर भागत नाही. गणपत १, गणपत २ करावंच लागतं. बाईच्या पानावर माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, माहेरचं गाव आणि आडनाव अशा वेगळ्या ओळी हव्यात, कारण लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची पद्धत होती. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून कळली ते लिहा: ‘मोठ्या आत्याने सांगितलं’, ‘दाखला पाहिला’, ‘ऐकीव’. हे शेवटचं कंटाळवाणं वाटतं, पण पुढची सगळी मदार त्यावर आहे.

पायरी २: कुणाशी आणि काय बोलायचं

सगळ्यात वयस्कर कोण, एवढंच पाहू नका. सगळ्यात जास्त घरांत वावरलेलं कोण, तेही पाहा. सहसा ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, पण माहेरपणाला येत राहिलेली आत्या असते. थोरली सून हा दुसरा खजिना. ती बाहेरून आलेली असल्यामुळे तिने घर निरखून पाहिलेलं असतं.

जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करा: हे जमिनीसाठी नाही. ‘आजोबांच्या वेळचं सगळं सांग ना’ असं एखाद्या पुतण्याने फोनवर विचारलं, की पलीकडे पहिली शंका येते ती हिश्शाची. ‘घराण्याची माहिती लिहून सगळ्यांना एकेक प्रत द्यायची आहे’ असं आधीच सांगा, आणि शक्य असेल तर त्यांच्या मुलाला किंवा सुनेलाही बरोबर घ्या.

‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘आमचं काय आयुष्य! कष्ट केले, पोरं वाढवली.’ आणि विषय संपतो. प्रश्न लहान आणि डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असा हवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घराचा नकाशा. कोरा कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, ‘जुन्या घराचं दार कुठं होतं?’ दार झालं की ओसरी, मग माजघर, चूल, जातं, गोठा, न्हाणी. ‘ओसरीवर कोण झोपायचं? आणि माजघरात?’ माणसं मोजली जायला लागतात. त्यात एक नाव असं येतं जे कुठल्याच वंशावळीत नसतं: नवऱ्याघरून परत आलेली मोठी आत्या, दूरच्या नात्यातला पोरका मुलगा, केस काढलेली चुलत आजी. आमच्या एका आत्याने गोठ्याची जागा दाखवताना सहज म्हटलं, ‘इथंच बायजा असायची.’ कोण बायजा? आजोबांची पहिली बायको. घरातल्या तिघा शिकलेल्या पुरुषांना तिचं अस्तित्वच माहीत नव्हतं.

आणखी काही प्रश्न हमखास उपयोगी पडतात. ‘तुमच्या लग्नात मामा म्हणून मागे कोण उभं राहिलं?’ याने आईकडचं एक घर उघडतं. सख्खा मामा नसेल तर कुणाला उभं केलं आणि का, यात अजून एक नातं सापडतं. ‘पहिलं बाळंतपण कुठं झालं, सुईण कोण होती?’ ‘माहेराहून न्यायला कोण यायचं, आणि कशाने?’ बैलगाडी, एसटी, बोट, पायी, यावरून काळही कळतो आणि अंतरही. ‘घरात भांडण झालं की कोणाच्या शब्दाला मान होता?’ ‘पहिली कमाई कशाची?’ हा शेवटचा प्रश्न बायकांना कुणी विचारत नाही. विचारा. शेण्या, अंडी, शिलाई, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी, खानावळीचे डबे, असं बरंच काही निघतं.

ऐंशीच्या पुढच्या अनेकजणी नवऱ्याचं नाव आजही घेत नाहीत. ‘ह्यांचं’, ‘अमक्याच्या बाबांचं’ असं चालतं. तिथे हट्ट करू नका, उखाणा घ्यायला लावा. नाव रेकॉर्ड होतं, आणि आजी दहा वर्षांनी लहान होऊन बोलायला लागते. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही म्हणायला सांगा. त्यांत भावांची नावं, माहेरचं गाव, वाटेतली नदी, आईच्या मरणाचं दुःख असं सगळं गुंफलेलं असतं.

वर्ष विचारू नका, प्रसंग विचारा. ‘तुझं लग्न कोणत्या साली?’ याला उत्तर नसतं, पण ‘पानशेत फुटलं तेव्हा तू कुठं होतीस?’ याला असतं. पुणेकरांसाठी १२ जुलै १९६१, पश्चिम महाराष्ट्रासाठी कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ची पहाट, मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप, गिरणगावात १९८२चा संप. १९७२चा दुष्काळ बहुतेकांच्या लक्षात आहे. खडी फोडायला कोण गेलं, मिलो (तेव्हा रेशनवर मिळणारी लाल ज्वारी) कुणी खाल्ला, सुकडी (वाटपातला पौष्टिक खाऊ) कुठे मिळायची, असं विचारलं की त्या वेळी घरात कोण किती वर्षांचं होतं ते आपोआप बाहेर येतं. ‘तेव्हा तुझ्या कडेवर कोण होतं?’ एवढा एकच प्रश्न जोडायचा.

बोलताना दुरुस्ती करू नका. ‘नाही गं, ते सदाकाका नव्हते’ असं मध्येच म्हटलं की सांगणारी व्यक्ती जपून बोलायला लागते. चुकलेलं नाव नंतर तपासता येतं. ती गप्प झाली तर आपणही गप्प बसायचं. बरेचदा पुढचं वाक्य महत्त्वाचं असतं. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवा आणि पुढे सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडा. पाऊण तास, फार तर एक तास. पुन्हा येईन म्हणायचं आणि खरंच पुन्हा जायचं. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीपेक्षा जास्त मिळतं, कारण मधल्या दिवसांत त्यांना रात्री आठवत राहिलेलं असतं.

पायरी ३: रेकॉर्डिंग

वेगळं यंत्र लागत नाही, फोनमधलं रेकॉर्डिंग अ‍ॅप पुरतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी कॉल येतो. पंखा, टीव्ही आणि मिक्सर बंद. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा आवाज माणसाच्या आवाजावर मात करतो. सुरुवातीला आपणच बोलायचं: आज कोणती तारीख, कुठल्या घरी, कोण बोलतंय, समोर कोण बसलंय, आणि ‘रेकॉर्ड करू ना?’ हा प्रश्न उत्तरासकट. ही परवानगी रेकॉर्डिंगमध्येच असलेली बरी.

व्हिडिओपेक्षा मी आवाजाला पसंती देतो. कॅमेरा लावला की आजी साडी बदलून येते आणि भाषाही बदलते. आल्बम पाहताना मात्र व्हिडिओ घ्या, म्हणजे बोट कोणत्या चेहऱ्यावर आहे ते दिसतं. जुने फोटो फोनने टिपण्यापेक्षा ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागच्या बाजूला नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेन नको, लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको.

त्याच रात्री फाईलला नाव द्या: वर्ष-महिना-दिवस, माणूस, गाव. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. फोन हरवतो, आणि नेमका तोच हरवतो.

पायरी ४: शाळा, कोतवाल बुक आणि फेरफार

आता नावं आणि गावं हातात आहेत. कार्यालयात जायची वेळ झाली.

एक आशा आधीच सोडून द्या. जनगणनेत आपल्या घराची नोंद झाली असेल, पण ती पाहायला मिळत नाही. १९४८च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय आहे. परदेशातल्या वंशशोधाच्या लेखांत जनगणनेवर पानंच्या पानं असतात, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

सुरुवात शाळेपासून. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असतं, विदर्भात त्याला दाखलखारीज म्हणतात. मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असे रकाने असतात. जन्मतारीख १ जून दिसली तर त्यावर विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि मास्तर सरसकट ती तारीख घालायचे. ‘आधीची शाळा’ हा रकाना मात्र सोन्यासारखा. कुटुंब कधी आणि कुठून हललं ते तिथे कळतं.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात. गावांची ही जुनी पुस्तकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. शहरांत नगरपालिका किंवा महापालिकेकडे पाहावं लागतं. बाळाचं नाव बहुतेकदा लिहिलेलं नसतं, कारण नोंद बारशाआधीची. बापाचं नाव, ‘मुलगा’ की ‘मुलगी’, तारीख, एवढ्यावर ओळखायचं. आता आजीचं बोलणं कामाला येतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद वडिलांच्या गावात नसतेच, ती असते त्याच्या आजोळी. पणजोबांची जन्मनोंद स्वतःच्या गावी शोधशोध शोधून हात टेकणारे लोक पुष्कळ असतात. पणजोबांच्या आईचं माहेर माहीत असेल तर काम एका दिवसाचं.

मग जमीन. आजचा ७/१२ महाभूलेखवर बसल्या जागी दिसतो, पण त्यात पूर्वज नसतात. त्यावरचे फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे काढत जा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. वारसांची वेगळी नोंद ६-क मध्ये. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर शंभर वर्षांपर्यंत मागे जाता येतं. स्कॅन केलेले बरेच जुने अभिलेख आता महसूल विभागाच्या संकेतस्थळावरही मिळतात. उरलेल्यांसाठी अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. तिथल्या लिपिकाला गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्ष सांगितलं तर तो मदत करतो. ‘आमचे सगळे जुने कागद द्या’ म्हटलं तर करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, म्हणून आजच्या गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर आधी काढून घ्यावा लागतो. तो भूमी अभिलेख कार्यालयातल्या योजनेच्या उताऱ्यावर मिळतो. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक मागा, विदर्भात त्याच सुमाराचा अधिकार अभिलेख; दोन्ही जमिनीच्या जुन्या नोंदी.

वारसाचा फेरफार साधारण असा असतो (नावं नमुन्यादाखल):

‘खातेदार धोंडी बिन सखाराम मयत. वारस मुलगे १) गणू २) बाळा अ. पा. क. आई सखू भ्र. धोंडी. सबब वर्दीवरून नोंद.’

एवढ्याशा मजकुरात किती आहे पाहा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, तेव्हा सखाराम ही आणखी एक पिढी मिळाली. ‘वलद’ दिसलं तरी अर्थ तोच. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, सखू ही धोंडीची बायको आणि ती त्या दिवशी हयात होती. काही कागदांत त्या जागी ‘कोम’ किंवा ‘मर्द’ असतं. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाळा तेव्हा अठरा वर्षांच्या आत होता, गणू बहुधा नव्हता. दोघांच्या जन्माची वर्षं एवढ्यावरून आवळत आणता येतात. दुसऱ्या एखाद्या उताऱ्यावर ‘ए. कु. मॅ.’ दिसेल: एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे एकाच भावाचं नाव असलं तरी मागे आणखी भाऊ आहेत असं समजायचं. आणि नावाला कंस केलेला असेल तर त्या माणसाचा हक्क त्या फेरफाराने संपला; कंसाजवळचा क्रमांक हीच पुढची वाट.

या नोंदीत मुली नाहीत. धोंडीला मुली नव्हत्या, असा त्याचा अर्थ बिलकुल नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरही पुष्कळ ठिकाणी त्यांची नावं लावली गेली नाहीत, किंवा लावली आणि लगेच हक्कसोड, म्हणजे वाटा सोडल्याचं लिहून, घेतला. यातला हक्कसोडाचा प्रकार अन्यायाचा असला तरी आपल्या कामाला फार उपयोगी आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्रात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता लिहिलेला असतो, आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मिळते. तीन पिढ्यांत तुटलेली आत्याची घरं मी अशा दस्तांवरून जोडलेली पाहिली आहेत.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती

इथवर सगळं सातबारावाल्यांचं झालं. भूमिहीन, बलुतेदार, फिरस्ते, गिरणी कामगार यांचे कागद दुसरीकडे असतात. महारवतनाची जमीन असेल तर वतनाची जुनी नोंद आणि १९५८च्या कायद्याने वतनं खालसा झाल्यानंतरच्या नोंदी पाहा. कूळ म्हणून जमीन कसली असेल तर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतरचे कूळ कायद्यातले ३२-ग चे निर्णय (जमिनीची किंमत ठरवणारे) आणि ३२-म प्रमाणपत्र (खरेदीचं); त्यात कुळाचे वारसही येतात. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर, मुस्लिम कुटुंबांसाठी निकाहनामा.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातल्या काही गावांत ‘या गावातून १९१४-१९च्या महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशी इंग्रजी शिळा आहे. नावं नसतात, नुसते आकडे. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, तेही फुकट. पुष्कळ शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाप्रमाणे, तेव्हा एकच नाव चार प्रकारे टाकून पाहा.

मतदार याद्यांबद्दल एक इशारा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. हे मुख्यतः उत्तरेकडे घडलं. पण कुठल्याही जुन्या यादीत आजी सापडली नाही, तर ती तिथे राहत नव्हती असा निष्कर्ष लगेच काढू नका.

पायरी ५: मोडी आणि जुने सन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खेड्यापाड्यातले कागद मोडीत आहेत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून खाली अक्षरं लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत. प्राथमिक वाचन काही आठवड्यांच्या सरावाने जमतं. पुरालेखागार (सरकारी जुन्या कागदांचं दफ्तर) आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग असतात. कोतवाल बुकातली नावं वाचण्याइतपत मोडी स्वतः शिकावी. लांबलचक वतनपत्र किंवा निवाडा असेल तर जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्यावं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून कोतवाल बुकं आणि शाळांच्या रजिस्टरांची हजारो पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. आपला संबंध त्या दाखल्याशी असो वा नसो, आपल्या गावाची पानं चाळायला हरकत नाही.

सनांचा हिशेब लक्षात ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन. पौष-माघ-फाल्गुनात बहुतेकदा ७९. फसलीत ५९०: निजामाच्या राज्यातला १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने: ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, ११५६. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७५५-५६. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून दोन आकडे.

पुण्याचं पेशवे दफ्तर किंवा मुंबईचं पुरालेखागार यांचं आकर्षण सगळ्यांना असतं. घराण्याकडे वतन, इनाम, सरंजाम यांपैकी काही असेल तर जरूर जा. १८५२च्या इनाम कमिशनसमोर लोकांनी हक्क सिद्ध करायला वंशावळी दिल्या होत्या. बाकीच्यांनी तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष आधी संपवावा.

पायरी ६: उपाध्ये आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपल्या भागाच्या उपाध्याकडे पाठवतात. कुळातलं कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, घरी मुलं-भाऊ किती, हे त्या त्या वेळी लिहून घेतलेलं असतं, काही ठिकाणी आजोबांची सहीसुद्धा. जाताना आजचं गाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा, आडनाव बदललं असेल तर जुनंही. नोंदीचा फोटो विचारून घ्या आणि आपल्या वेळची नोंद करताना आवर्जून लेकी-सुनांची नावं सांगा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी काही वर्षांनी गावात येऊन घरोघर वंशावळ म्हणून दाखवतात. तुमच्या घराचा हेळवी कोण, ते गावातल्या जुन्या माणसाला माहीत असतं. हे ऐकताना मूळपुरुष थेट एखाद्या राजाच्या पदरी होता असं निघालं तर कौतुकाने ऐका आणि पेन्सिलीने लिहा.

कुलदैवतही वाट दाखवतं. कोकणातल्या घराचं कुलदैवत गोव्यात असेल, देशावरच्याचं दूरच्या तालुक्यात असेल, तर मूळ गाव त्या बाजूला शोधावं.

पायरी ७: जुळवाजुळव

आता विसंगती निघतील. आत्या म्हणते आजोबा प्लेगात गेले, फेरफार सांगतो १९१८-१९. प्लेगही अधूनमधून होताच, पण १९१८च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाने गावंच्या गावं झोपवली होती, आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही साथी एकमेकांत मिसळतात. अशा वेळी एक खरं आणि एक खोटं असं करू नका. दोन्ही लिहा, आपला अंदाज वेगळा लिहा. आणखी एक लक्षात ठेवा: फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसनोंद कित्येकदा पाच-दहा वर्षांनी होते.

पिढीला सरासरी पंचवीस-तीस वर्षं धरा. बाप-लेकात दहाच वर्षांचं अंतर पडत असेल तर दोन माणसं एकत्र झाली आहेत; सत्तर पडत असेल तर मधली पिढी गळाली आहे, किंवा दत्तक आहे. दत्तकाच्या बाबतीत जन्माचं घर आणि दत्तक घर दोन्ही दाखवा. वंशवृक्ष मांडायला ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, मराठी नावंही नीट घेतं. माहिती जेडकॉम (GEDCOM, वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरांना चालणारा सामाईक प्रकार) स्वरूपात बाहेर काढून ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी अडत नाही.

पायरी ८: लिहिणं, आणि काय न लिहिणं

आठवणी लिहून काढताना बोली तशीच ठेवा. ‘म्या म्हनलं’चं ‘मी म्हणाले’ केलंत की आजी गेली आणि बातमी उरली. ‘अं’, ‘म्हणजे’ काढून टाका, वाक्य मोडकं असलं तरी राहू द्या. रेकॉर्डिंगमधली वेळ समासात लिहिली तर कुणालाही मूळ आवाज काढून ऐकता येतो. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला सहज तीन-चार तास लागतात, तेव्हा सगळंच उतरवायचा पण करू नका. आधी नुसती विषयसूची करा आणि चांगले भाग निवडा.

दुसरेपणाचं लग्न, पाट, आंतरजातीय लग्नामुळे तोडलेली मुलगी, विहिरीत गेलेली सून, भावाने भावाला फसवणं. हे निघणारच. माझा नियम असा: सांगणाऱ्याने ‘हे लिहू नको’ म्हटलं तर लिहायचं नाही, पण वेगळ्या बंद पाकिटात ठेवून त्यावर कधी उघडायचं ते तिलाच विचारायचं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची मुलं हयात असतील तर छापण्याआधी त्यांना दाखवायचं. मात्र सोयीसाठी माणूसच पुसायचा नाही. बायजा गोठ्यात का राहायची ते लिहिलं नाही तरी चालेल, तिचं नाव वंशावळीत हवं. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते आणि फोन नंबर यांतलं काही छापील प्रतीत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका.

पहिला मसुदा तीस-चाळीस पानांचा झाला की थांबा आणि झेरॉक्स काढून वाटा. पूर्ण झाल्यावर छापू म्हणणाऱ्यांचं कधीच छापून होत नाही. पानांची एक बाजू कोरी ठेवा आणि सोबत पेन्सिल द्या. चुका दाखवायला लोकांना फार आवडतं, आणि ‘हे कोणी सांगितलं तुला?’ असा रागावलेला फोन आला की समजा, नवी माहिती आली. प्रती वाटताना आत्यांच्या आणि बहिणींच्या घरी आधी पोचवा. त्यांच्या नातवंडांना हे त्यांच्या आजोळचं घराणं आहे, आणि त्यांच्याकडच्या पेटीत तुमच्या पणजीचे कागद असण्याची शक्यता तुमच्या कपाटापेक्षा जास्त आहे.